भोईवाड्यातील पाठभेद

परळच्या भोईवाड्याने भोयांचे, म्हणजे पालख्या वाहणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या लोकांचे, नाव अजून टिकवले आहे. आज मात्र तेथे कोणी निघाले की प्रथम प्रश्न येतो तो ‘कोण आजारी आहे?’ हा. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालये तेथे हाकेच्या अंतरावर उभी आहेत. यांपैकी केईएम आणि त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांच्या परिसरात १९५२ साली जे हाती लागले, त्याविषयी साहित्याच्या माणसांनी का लिहावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की तो प्रश्न मुळात पाठचिकित्सेचा होता.

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसांचे रक्त विचित्र आढळले. नेहमीच्या चाचणीत ते ‘ओ’ गटाचे दिसे. पण खऱ्या ‘ओ’ रक्ताशी मिसळले की गुठळ्या होत. तांबड्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात. ‘ए’ आणि ‘बी’ गटांत त्या साखळीच्या टोकाला एकेक वेगळी साखर जोडलेली असते. ‘ओ’ मध्ये ती नसते, फक्त ‘एच’ नावाचा पाया उरतो. या तिघांत तो पायाच नव्हता, आणि म्हणून त्यांचे शरीर जगातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या रक्ताला परके मानीत होते. अशा रुग्णाला ‘ओ’ समजून ‘ओ’ रक्त चढवले तर ते प्राणावर बेतू शकते. लंडनच्या तज्ज्ञांनी नमुने तपासले, त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये टिपण आले, आणि या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडले. मुंबई परिसरात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. युरोपात दहा लाखांत एखादा.

आता पोथ्यांकडे वळू. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली संपले. पोथ्यांची घराणी लावणाऱ्याला एक जुना नियम पाठ असतो : दोन पोथ्यांत शुद्ध शब्द सारखा असला, तर त्यावरून नाते फारसे सिद्ध होत नाही, जाणता लेखनिक तो आपल्या बुद्धीनेही लिहील. पण एकाच ओळीत, एकाच अक्षराची, निरर्थक चूक दोन्हींकडे सापडली, तर दोन्ही पोथ्या एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरल्या असे मानावेच लागते. नाते सिद्ध होते ते चुकीवरून.

१९९० च्या दशकात बॉम्बे गटाचा मजकूर वाचता आला. ‘एच’ घडवणाऱ्या जनुकाचा कामाचा पाठ सुमारे अकराशे अक्षरांचा आहे. त्यातले ७२५ वे अक्षर बदललेले निघाले, एवढ्याने ते जनुक निकामी झाले होते. शेजारच्या त्याच्या जुळ्या जनुकाचे तर पानच फाटून गेलेले. मग नजर वळली हिंदी महासागरातल्या रेयुनियॉं बेटाकडे. तेथे एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी मळ्यांसाठी भारतातून, बहुतांशी दक्षिणेतून, करारबद्ध मजूर नेले होते. त्यांच्या वंशजांतल्या बॉम्बे गटाच्या माणसांत तीच ७२५ वी चूक, तेच फाटलेले पान. त्याच बेटावरच्या काही गोऱ्या कुटुंबांतही ‘एच’ जवळजवळ नाहीसा झालेला होता. पण त्यांची चूक दुसऱ्याच अक्षराची. परिणाम मिळताजुळता, घराणे वेगळे. जहाजांची यादी न पाहताही हे कळले असते. (‘बॉम्बे’ हे नावही त्यामुळे थोडे फसवेच ठरते : चूक मुंबईत ओळखली गेली, मुंबईची नव्हे.)

हाच नियम माणसाच्या पलीकडे नेला, की उत्क्रांतीचा पुरावा हाती येतो. ‘क’ जीवनसत्त्व बहुतेक सस्तन प्राणी शरीरातच तयार करतात. आपण करीत नाही. त्याचे जनुक आपल्यात आहे, पण मोडके. चिंपांझी आणि मकाक माकडांतही ते मोडके आहे, आणि त्यातले अनेक तुकडे आपल्यातलेच गळालेले आहेत. गिनिपिगमध्येही ते मोडले आहे, पण निराळ्या रीतीने. निर्मात्याने उत्तम योजना पुन्हा वापरली, असे साम्याविषयी म्हणता येईल. मोडतोड पुन्हा वापरली, असे कसे म्हणावे?

येथे मात्र उपमा सोडावी लागते. संपादक मूळ शुद्ध पाठ शोधतो. सजीवांत तसा पाठच नाही. आपल्यातला नेहमीचा ‘ओ’ गट हीसुद्धा ‘ए’च्या पाठातले एक अक्षर गळून झालेली चूक आहे. पण तीव्र मलेरियात ‘ओ’ रक्ताची माणसे तुलनेने तगतात, म्हणून ही चूक जगभर टिकली. आणि पटकी त्यांनाच अधिक जोरात होते, म्हणून गंगेच्या मुखाकडे ती त्या मानाने कमी आढळते. निवड म्हणतात ती हीच. बॉम्बे गटाचा असा काही लाभ ठाऊक नाही. आई आणि बाप दोघांकडून तीच चूक आली तरच हा गट प्रकटतो. जातीत आणि नात्यात लग्ने करणाऱ्या समाजात अशी गाठ अधिक पडते. येथे योगायोगाला आपल्या सोयरिकींची साथ आहे.

जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी डार्विन चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून उत्क्रांतीचा भागही गळाला. महाभारताची पहिली पोथी लिहिली जातानाही कोणी पाहिले नाही. तरी सुखटणकरांच्या संपादनाला आपण कल्पनाविलास म्हणत नाही, कारण पुरावा कसा वाचतात हे आपण वर्गात शिकवतो.

भोईवाड्यातले रक्त तपासणारे तर हा युक्तिवाद रोज हातांनी करतात. शंकास्पद ‘ओ’ नमुना आला, की त्यात युलेक्स नावाच्या एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांचा अर्क टाकतात. पेशींवर ‘एच’ असेल तर त्या गोळा होतात. नसेल, तर नळीत काहीच घडत नाही, आणि मग बॉम्बे गटाच्या दात्यांना फोन सुरू होतात.