मॉलिक्युलरच्या पेपरची कुळकथा

बारावीचा निकाल लागतो, नीटचे मार्क कळतात, मेडिकलचा विषय मिटतो. मग जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीसारख्या गावात घरोघरी एकच खल सुरू होतो: बी.एस्सी. करायची, पण कशात? कुणी सीबीझेड, म्हणजे केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी, सुचवतं, कुणी 'मायक्रो', आणि कुणाचा तरी मामेभाऊ संभाजीनगरला 'बायोटेक' करत असतोच. यातलं काहीही घेतलं, तरी पुढे कुठल्या ना कुठल्या सेमिस्टरला मॉलिक्युलर बायोलॉजी समोर येतं. डीएनएची नक्कल कशी होते, जनुकावरून प्रथिन कसं घडतं, जनुक कापून दुसरीकडे कसं जोडतात, असा सगळा ऐवज. पोरं गाईड घेतात, आकृत्या पाठ करतात, पास होतात.

गंमत अशी, की हा विषय ज्यांनी उभा केला त्यांच्यातल्या कुणीच हा पेपर कधी दिला नव्हता. विषयाचं बारसं 1938 साली झालं आणि नाव ठेवणारा होता गणिती. रॉकफेलर फाउंडेशनचं संशोधनाचं पैसेवाटप बघणाऱ्या वॉरेन वीव्हरने संस्थेच्या वार्षिक अहवालात 'मॉलिक्युलर बायोलॉजी' हे शब्द वापरले. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये एक मराठी बाई बटाट्याच्या पेशींमधलं सायटोक्रोम सी शोधत होत्या. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची त्यांची पदवी रसायन आणि भौतिकशास्त्राची. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला, तरी हटून बसून त्यांनी तो मिळवला होता. जीवरसायन हे मॉलिक्युलरचं आजोळ मानलं, तर या कुळात आपल्याकडचं पहिलं ठळक नाव त्यांचंच लिहावं लागेल.

बाकीची मंडळीही आडवाटेनेच आली. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडगोळीत क्रिकची पदवी भौतिकशास्त्राची, वॉटसनची प्राणिशास्त्राची. जनुकीय संकेत उलगडल्याबद्दल 1968 साली नोबेल मिळालेले हरगोविंद खुराना लाहोरचे रसायनशास्त्राचे एम.एस्सी. वडील मुलतान जिल्ह्यातल्या एका खेड्यात पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. आणि हा विषय भारतात रुजवणारे ओबैद सिद्दीकी मुळात अलीगढचे वनस्पतिशास्त्रवाले. दिल्लीत गव्हावर काम करत होते. शेतातला प्रयोग गारपिटीने झोपवला, तेव्हा ते सूक्ष्मजीवांकडे वळले, असं सांगतात. गारपिटीने पीक गेल्यावर माणूस काय काय करतो हे जालना जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. पण ग्लासगोला जाऊन बुरशीच्या जनुकशास्त्रात पीएच.डी. करणारा विरळाच. भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्रात आलेल्या लिओ झिलार्डने त्यांचं नाव होमी भाभांना सुचवलं आणि 1962 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, मॉलिक्युलर बायोलॉजीचा विभाग उघडला. अणुशास्त्राच्या घरात जनुकांचा पाळणा हलला तो असा.

तिथून पदवीच्या वर्गापर्यंत यायला तीस वर्षं गेली. आधी संशोधन, मग पीएच.डी. 1986 मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाला आणि त्याच सुमारास पुणे विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी एम.एस्सी. सुरू झाली. 1994-95 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला व्यावसायिक विषयांची जी यादी आणली, तिच्यात बायोटेक्नॉलॉजी होतं. कळस आधी चढला, पाया मागून भरला. याचा परिणाम अजून दिसतो. अभ्यासक्रम वरच्या वर्गाचा, गाळून खाली आणलेला. शिकवणारे आपापल्या विषयाचे पदवीधर. आणि प्रयोगशाळा ज्या त्या संस्थेच्या ऐपतीप्रमाणे.

प्रॅक्टिकल धड झालं, तर मात्र मजा आहे. अ‍ॅगारोजची पांढरी पूड बफरमध्ये पूर्ण विरघळून पाण्यासारखी नितळ दिसेपर्यंत उकळायची. हाताला सोसवेल इतकी निवली, की ट्रेमध्ये ओतायची आणि कडेला कंगवा उभा करायचा. थिजल्यावर कंगवा सरळ वर उचलायचा; वाकडा ओढला की खाचा फाटल्याच. मग निळ्या डायमध्ये मिसळलेला डीएनए मायक्रोपिपेटने एकेका खाचेत सोडायचा. हात थरथरला, की टोक जेलच्या बुडातून आरपार जातं आणि नमुना खाली पसरतो. डीएनएवर ऋण प्रभार असतो, म्हणून वीज सुरू केली की तो धन टोकाकडे, लाल वायरीच्या दिशेने धावतो; छोटे तुकडे पुढे, मोठे मागे. वायरी उलट लावल्या, तर सगळा डीएनए मागच्या कडेने जेलबाहेर निघून जातो. असं निदान एकदा तरी होतंच, आणि झालेलं बरं. प्रभार म्हणजे काय ते त्यानंतर पाठ करावं लागत नाही.

वडीगोद्रीच्या पोराच्या बाबतीत या कुळकथेला दुसरी शाखा आहे. ती वर्गातून येत नाही, रानातून येते. 1901 साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना रेशमाच्या अळ्या मारणारा एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनरला तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत दिसला आणि थुरिंगिया प्रांतावरून त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' नाव मिळालं. आपली बीटी ती हीच. 1981 मध्ये त्याच्या विषारी प्रथिनाचं जनुक वेगळं काढलं गेलं. अमेरिकेत ते कपाशीत घातलं आणि 1990 च्या दशकाच्या मध्यात तसल्या कपाशीचं अवघं 100 ग्रॅम बी महिकोकडे आलं. महिको म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात काढलेली बियाणे कंपनी. त्या बियाण्याचा संकर देशी कंपनीच्या वाणांशी पुन्हा पुन्हा करून तीन संकरित वाण तयार झाले आणि 26 मार्च 2002 रोजी सरकारने त्यांना लागवडीची परवानगी दिली. म्हणजे बारावीच्या पुस्तकात जे उदाहरण परदेशी वाटतं, त्यातली निम्मी गोष्ट याच जिल्ह्यातली आहे. योगायोग असा, की रेशमाच्या किड्याच्या वैऱ्यापासून सुरू झालेल्या या गोष्टीच्या गावात, जालन्यात, 2018 पासून रेशीमकोषांचा बाजारही भरतो. तुती आणि बीटी कपाशी शेजारी शेजारी सुखाने उभ्या असतात, कारण विष कपाशीच्या पानात आणि रेशीमकिडा खातो फक्त तुती.

बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या बॅगेबरोबर वर्षानुवर्षं 120 ग्रॅमची एक पुडी येई, नॉन-बीटीची. भोवतीने लावायची. बहुतेकांनी ती फेकली. अळी खाणार असलेलं बी मुद्दाम कोण लावील? पण मॉलिक्युलरच्या अख्ख्या पेपरात याहून चांगला प्रश्न नाही. विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटून तिला मारतं. ते प्रथिन बिघडलं, तर विष चिकटत नाही आणि अळी जगते. हा बिघाड अप्रभावी असतो, आईबाप दोघांकडून आला तरच उपयोगाचा. नॉन-बीटीच्या ओळींत साधे पतंग भरपूर जगले, तर विष पचवणाऱ्या एखाद्या पतंगाची गाठ त्यांच्याशीच पडते आणि पिल्लं पुन्हा बीटीवर मरतात. पुडी फेकली, की निवडीला रान मोकळं.

सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणं मला पटत नाही. जगात बहुतेक ठिकाणी कपाशी सरळ वाणाची, आपल्याकडे संकरित. संकरिताच्या बोंडात मेंडेलचा तक्ताच उलगडतो: एका जनुकाच्या बीटीत साधारण चौथा हिस्सा सरकी विषाविना. अळीला बोंडातच विषाचं आणि बिनविषाचं मिसळलेलं ताट मिळतं. त्यात पाण्याची सोय असली की फरदड, हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, म्हणजे अळीची जेवणावळ मार्चपर्यंत. 2017 च्या हंगामात मराठवाड्याने गुलाबी बोंडअळीचा जो तडाखा खाल्ला, त्यामागे हे सगळं होतं. त्याआधीच भारतातल्या, विषाला न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्यांची जनुकं तपासली होती, तेव्हा कॅडहेरिनच्या जनुकात वेगवेगळे बिघाड सापडले. तो निबंध 2014 साली छापून आला.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष संशोधनाचं घेता येतं. आता करायचं ते एवढंच: डिसेंबरात घरच्या रानातली बोंडं फोडायची, गुलाबी अळ्या अल्कोहोलच्या बाटलीत घालून एसटीने संभाजीनगरला न्यायच्या, डीएनए काढायचा, कॅडहेरिनचा तुकडा पीसीआरने वाढवायचा आणि अनुक्रम वाचून घ्यायला पाठवायचा. अळ्यांची टंचाई पडणार नाही.