अंजनेरीच्या पायथ्याशी



पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी तुम्ही नाशिकहून त्र्यंबकेश्वरी पायी गेला असाल, तर अंजनेरी तुम्ही पाहिली आहे. म्हणजे, तिच्या जवळून गेला आहात. त्र्यंबक दोन-अडीच कोसांवर राहिले की डाव्या हाताला तो उंच डोंगर येतो. वारकरी चालता चालता हात जोडतात, ‘मारुतीरायाचे जन्मस्थान’ म्हणतात आणि पाऊल उचलतात. नाथांच्या समाधीची ओढ असते, दिंडी थांबत नाही.

मीही असाच गेलो. चाळीस वर्षे हनुमान जयंतीच्या कीर्तनात अंजनीमातेचे तप आणि त्या डोंगराचे वर्णन केले. पण डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे, त्या गावाला काही चरित्र आहे, हे माझ्या मनात कधी आले नाही. कीर्तन सुटल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “महाराज, गावात ती पडकी देवळे कुणाची?” मला उत्तर देता आले नाही. त्या लाजेने मी वाचायला बसलो. जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो.

अंजनेरीला भोगशक्ती नावाच्या राजाचे ताम्रपट सापडले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकावर कलचुरी संवत ४६१ आहे, म्हणजे इसवी सन ७१० च्या सुमाराचा काळ. ज्ञानोबामाउलींच्या आधी साडेपाचशे वर्षांहून अधिक. राजा हरिश्चंद्राच्या वंशातला, चालुक्यांचा मांडलिक. त्याने जयपूर नावाच्या गावातल्या नारायणाच्या देवळाला आठ गावे दिली. देव कोणता, पाहा. नारायण! आपलाच.

आता दान कसे चालवायचे ते ऐका. देवाची व्यवस्था राजाने आपल्या कारभाऱ्याकडे दिली नाही. ती गावातल्या व्यापारी मंडळींवर सोपवली. मार्गशीर्षात पंधरा दिवस देवाची यात्रा गावाने भरवायची. त्या बदल्यात गावाला जकात माफ, निपुत्रिकाचे धन सरकारात ओढायचे नाही, राजाच्या माणसांचा खर्च गावावर टाकायचा नाही. पुढे तेजवर्मा याने शंभर रूपके त्याच मंडळींकडे ठेव म्हणून दिली. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून देवापुढे गुग्गुळाचा धूप जळत ठेवायचा.

वाचकहो, हे वाचताना मला आपल्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह आठवला. वर्गणीची वही, कोणाकडे पंगत, कोणाकडे काकडा, विणेकऱ्यांचे पहारे, आणि शिल्लक पैसा कोणाकडे ठेवायचा यावर देवळाच्या ओट्यावर होणारी चर्चा. तेराशे वर्षांपूर्वीही हेच होते. गावाने देव सांभाळायचा आणि त्या सांभाळण्यानेच गाव एकत्र राहायचे.

ती रूपकेही पाहण्यासारखी. कृष्णराज या कलचुरी राजाची चांदीची लहान नाणी. राजा जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली तरी या भागात त्याचे नाणे चालत होते. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला नंदी. त्यावर राजाने स्वतःला शिवभक्त म्हटले आहे आणि त्याबरोबर मातापित्यांच्या चरणांचे ध्यान करणारा, असेही म्हटले आहे. पुंडलिकाची कथा सांगणाऱ्या माझ्यासारख्याला याहून गोड नाणे कोणते? आज नाण्यांचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था याच अंजनेरीत आहे, हाही योगच.

दुसऱ्या लेखात एक उजाड झालेले नगर, समगिरिपट्टण, भोवतालच्या वाड्यांसह पुन्हा वसवल्याची हकीकत आहे. एल आणि करपुट अशा दोन श्रेष्ठींवर ते काम सोपवले. नुसती घरे बांधून गाव वसत नाही, म्हणून नियमही दिले. व्यापाऱ्याच्या मुलाने एखाद्या कामकरी स्त्रीशी गैरवर्तन केले तर १०८ रूपके दंड. आणि शेवटचा निवाडा गावातल्या आठ किंवा सोळा प्रमुखांनी बसून विचार करून द्यायचा. धनिकाचा मुलगा आणि मोलकरीण! त्या काळी तांब्यावर हे कोरून ठेवावेसे वाटले.

पुढे यादवांच्या काळात, शके १०६३ मध्ये, इथल्या जैन मंदिराला दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याचा शिलालेख आहे. म्हणजे नारायण, नंदी आणि तीर्थंकर या एकाच पंचक्रोशीत नांदले. पेशवाईत राघोबादादा येथे हवापालटाला येत. मग वैभव ओसरले. देवळे पडली. आज महादेव कोळी, ठाकर आणि इतर कष्टकरी मंडळी डोंगरउतारावर भात, नागली, वरई पिकवतात.

आता मनातले बोलतो. ३१ मे २०२२ रोजी नाशिकला हनुमंताचे जन्मस्थान कोणते यावर शास्त्रार्थाची सभा भरली. किष्किंधा की अंजनेरी? आवाज चढले, सभा मोडली. माझी श्रद्धा अंजनेरीवर आहे, ती मी सोडणार नाही. पण त्या दिवशी वाटले, ज्याने आपले बळ रामकार्यापुढे कधी मिरवले नाही, त्याच्या नावाने आपण मानासाठी भांडतो. आणि त्याच्या गावाचा शेजारधर्म मात्र विसरतो. डोंगराच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. अंजनेरीचेच नाव घेतलेले कंदीलपुष्प तिथल्या गवतात फुलते. आपण दर्शनाला जातो आणि प्लास्टिकच्या बाटल्या ठेवून येतो. जटायूची कथा सांगणाऱ्यांना हे शोभते का?

पुढच्या पौष वारीला एवढे करा. दिंडीच्या चालकांना विनंती करून घटकाभर अंजनेरीत थांबा. पडक्या देवळांपुढे हात जोडा, ती कुणाचीही असोत. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला “माउली” म्हणून पायाला हात लावा, घोटभर पाणी मागा. ज्या मुलखाने देवाचा धूप विझू नये म्हणून व्याजाचा हिशेब ठेवला, त्या मुलखाची ती लेक आहे.

मी आता चालून येऊ शकत नाही. माझाही नमस्कार सांगा.

रामकृष्णहरि.