‘नेटिव्ह’ आणि ‘मुलकी’

जालना जिल्ह्याच्या उत्तर अंगास, केळणा व जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे एक लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे जनरल वेलस्ली ह्याच्या फौजेने शिंदे व नागपूरकर भोसले ह्यांच्या सैन्याचा पराभव केला, हे शाळकरी इतिहासावरून सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी इंग्रजांकडील मेलेल्यांची व जखमी झालेल्यांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. लढाई संपल्यावर नेहमीप्रमाणे नुकसानीचा तक्ता तयार झाला, आणि त्यात दोन रकाने होते : एक ‘युरोपियन’, दुसरा ‘नेटिव्ह’. ह्या दुसऱ्या रकान्यातील माणसे बहुतेक मद्रासेकडील पलटणींची. त्यांची भाषा तमिळ किंवा तेलुगू. असईची माती, पाणी, बोली ह्यांपैकी काहीही त्यांच्या परिचयाचे नव्हते. गोऱ्या सोजिरांइतकेच तेही ह्या मुलखात परके होते. तरीही ते ‘नेटिव्ह’ ठरले. ज्यांच्या शेतांतून तोफा धावल्या ते असईचे कुणबी तर कोणत्याच रकान्यात आले नाहीत.

एखादे विशेषण किती निसरडे असू शकते ह्याचा इतका चांगला नमुना आम्हांस दुसरा आढळला नाही. मूळ लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ ‘जन्माने लाभलेला’ एवढाच. त्या साध्या अर्थापासून किती फाटे फुटले पाहा. ‘नेटिव्ह टंग’ म्हणजे मातृभाषा. ‘नेटिव्ह लँड’ म्हणजे जन्मभूमी, आणि तिच्यासाठी इंग्रज कवींनी अश्रू ढाळले आहेत. ‘नेटिव्ह विट’ म्हणजे उपजत बुद्धी. खाणीत शुद्ध रूपातच सापडणारे तांबे ते ‘नेटिव्ह’ तांबे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पिकणाऱ्या कालवांनाही तेथील लोक ‘नेटिव्ह’ म्हणतात व मोठ्या चवीने खातात. इतक्या सन्मानाच्या ठिकाणी वावरणारा हा शब्द सुवेझ ओलांडताच हलका का व्हावा ?

याचे उत्तर काही अंशी व्याकरणात आहे. ‘यॉर्कशायरचा नेटिव्ह’ असे म्हटले तर कोणाही इंग्रजास राग येणार नाही. परंतु षष्ठी गाळून नुसता ‘एक नेटिव्ह’ म्हटले की चित्र पालटते. कोठला, हे सांगण्याची गरजच उरत नाही. जो आमच्यापैकी नाही तो, एवढाच अर्थ शिल्लक राहतो. मद्रासचा शिपाई असईत ‘नेटिव्ह’ ठरला तो ह्याच न्यायाने. कायद्याचे मसुदे लिहिणारांस हा भेद ठाऊक असावा असे दिसते. १८३३ च्या सनदेत हिंदी प्रदेशांतील कोणाही ‘नेटिव्हा’स धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण ह्यांमुळे कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये असे आहे, तेथे शब्द षष्ठीसह येतो, आणि हक्क घेऊन येतो. आमच्या पहिल्या राजकीय पिढीने ह्याच कलमावर आपली सारी भिस्त ठेवली होती. पुढे १८७० च्या कायद्याने ‘नेटिव्ह ऑफ इंडिया’ ह्या पदाची व्याख्याच केली : हिंदुस्थानात जन्मलेला व तेथेच कायम वस्ती असलेला, आणि ज्याचे आईबाप तेथे तात्पुरत्या कामासाठी नव्हे तर नित्य राहणारे आहेत असा. ह्या व्याख्येत अँग्लो-इंडियनही बसला. म्हणजे क्लबात तो स्वतःस युरोपियन म्हणवी आणि नोकरीच्या अर्जात ‘नेटिव्ह’ होई. आम्ही त्यास हसत नाही. शब्दाचा उपयोग भाकरीसाठी करावा लागला म्हणजे सर्वांचीच अशी गत होते.

आमच्या इकडे हा शब्द प्रथम आला तो शिव्या देत आला, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. मुंबईत १८२२ साली शाळापुस्तकांसाठी जी मंडळी स्थापन झाली तिचे नाव पुढे ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ असे पडले. सदाशिव काशिनाथ छत्रे आणि त्यांच्यामागून बाळशास्त्री जांभेकर हे तिचे ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ होते, आणि ह्या पदवीत बाळशास्त्र्यांस काही उणेपणा वाटला असावा असे मानण्यास आधार नाही. पुण्यातील आजचे नगर वाचन मंदिर १८४८ साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणूनच जन्मास आले. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८६४ मध्ये पत्र काढले त्याचे नाव ‘नेटिव्ह ओपिनियन’. रावसाहेबांसारखा करारी व मानी पुरुष अपमानाचा शब्द आपल्या पत्राच्या मथळ्यावर मिरविता ना. मराठीत त्या वेळी ह्या शब्दास ‘एतद्देशीय’ असा भारदस्त प्रतिशब्द होता. तो आज मेला. परंतु त्यातील ‘एतद्’ हा अंश फार मोलाचा होता, कारण ‘ह्या देशाचा’ म्हणताना बोट जमिनीकडे दाखवावे लागे. ‘नेटिव्ह’ हा उसना शब्द मात्र कोणत्याच जमिनीकडे बोट दाखवीत नाही.

शब्द बिघडला तो शतकाच्या उत्तरार्धात. सत्तावन्नच्या उठावानंतर गोऱ्या वस्तीच्या तोंडी तो उत्तरोत्तर तिखट होत गेला, आणि १८८३ साली इल्बर्ट बिलावरून गोऱ्यांनी जो गहजब केला त्यात ‘नेटिव्ह मॅजिस्ट्रेट’ हे दोन शब्द जणू परस्परांशी विसंगत आहेत अशा सुरात उच्चारले गेले. यानंतर दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, लष्कराने आपल्या पलटणींच्या नावांतून ‘नेटिव्ह’ हा शब्द काढून टाकला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जी सभा भरली तिने आपणांस ‘इंडियन नॅशनल’ म्हणविले. दोन्ही गोष्टी एका वर्षी घडल्या हा योगायोग खरा, परंतु वीस वर्षांपूर्वी मंडलिकांनी जो शब्द सहज उचलला तो आता सुशिक्षित हिंदी मनुष्य स्वतःस लावून घेण्यास तयार नव्हता, हे ह्यावरून दिसते.

आता पुन्हा जालन्याकडे वळू. जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची मोठी छावणी होती, आणि गोरी पलटण, काळी पलटण हे भेद तेथील बाजाराने डोळ्यांनी पाहिले होते. परंतु मुलूख निजामाचा. ब्रिटिशांच्या दप्तरात त्यास ‘नेटिव्ह स्टेट’ म्हणत. तेथील शाळा व कचेऱ्यांची भाषा आधी फारसी आणि पुढे उर्दू. त्यामुळे येथील मराठी मुलाच्या कानावर ‘नेटिव्ह’ पडण्याच्या पूर्वी दुसराच एक शब्द पडत असे : ‘मुलकी’.

हा शब्द आम्हां मराठ्यांस नवा नाही. ‘मुलूख’ आणि ‘मुलूखगिरी’ ही त्याचीच भावंडे. परंतु पुण्या-नगराकडील मनुष्यास ‘मुलकी’ म्हणजे वसुलासंबंधीचा, किंवा लष्करी नव्हे असा : मुलकी खाते, मुलकी पाटील. हाच मनुष्य गोदावरी ओलांडून निजामाच्या हद्दीत गेला की शब्द तोच राही आणि अर्थ बदले. तेथे ‘मुलकी’ म्हणजे ह्या राज्याचा, आणि आलेला तो पाहुणा ‘गैरमुलकी’. सालारजंगाने कारभार सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. बऱ्याच मोठ्या जागा त्यांच्याकडे गेल्या, आणि स्थानिकांत असंतोष माजला. त्यातून नियम होत होत १९१९ च्या फर्मानाने ‘मुलकी’ कोण हे कायम ठरले : जन्माने राज्याचा प्रजाजन असलेला, किंवा पंधरा वर्षे राज्यात राहून कायम वस्तीचा निश्चय केलेला, इत्यादी. ज्याच्यापाशी मुलकी दाखला नाही त्यास खास परवानगीवाचून सरकारी नोकरी नाही.

मौज पाहा. ब्रिटिश हद्दीत जन्मावरून पडलेले विशेषण झुगारून देण्यासाठी सुशिक्षितांची धडपड चालली होती, आणि औरंगाबाद-जालन्याकडे तशाच अर्थाचे विशेषण मिळविण्यासाठी लोक कचेरीत खेटे घालीत होते. दोहोंचा कोशातील अर्थ जवळजवळ एक; परंतु ‘नेटिव्ह’ बाहेरून आलेला राज्यकर्ता दुसऱ्यास म्हणे, तर ‘मुलकी’ हे ज्याचे त्याने स्वतःस म्हणावयाचे होते. असे असले तरी ‘मुलकी’ ह्या शब्दाने जालन्याच्या मराठी मुलाचे सारे दैन्य फिटले असे कोणी समजू नये. तो मुलकी होता हे खरे. परंतु जी नोकरी त्यास मिळावयाची ती उर्दूतून, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकविणारे. जन्माने ह्या भूमीचा आणि दप्तरास भाषेने परका, असा हा प्रकार. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर आज जालना जिल्ह्यातच आहे. मराठी बोलणाऱ्या मुलक्यांनी आपल्या भाषेसाठी एकत्र यावे, ही त्यामागची निकड आता वाचकांच्या ध्यानात येईल.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि जालन्यापुरता ‘मुलकी’ हा शब्द पुन्हा वसुलीखात्यापुरता उरला. मागे राहिलेल्या हैदराबादेत मात्र त्याने १९५२ प्रमाणेच १९६९ मध्येही रक्त सांडविले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते जुने नियम वैध ठरविले, आणि पुढच्याच वर्षी संसदेने ते रद्द केले. जालन्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

मराठीने स्वतःही असाच एक जोड निर्माण केला आहे. ‘गावठी’ आणि ‘गावरान’ ह्या दोहोंचा अर्थ गावचा. परंतु गावठी मनुष्य म्हटले की अडाणी, गावठी दारू म्हटली की पोलीस. आणि गावरान तूप, गावरान अंडी म्हटली की शहरातील गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजते. चिनी भाषेत तर ह्या कामी दोन अगदी निराळे शब्द आहेत असे तज्ज्ञ सांगतात : देशी मनुष्यासाठी जो, त्याचा शब्दशः अर्थ मातीचा मनुष्य, आणि त्यात तुच्छतेची छटा, आणि स्वभाषेसाठी जो, त्याचा अर्थ आपल्याप्रमाणेच आईची भाषा. चिनी विद्यार्थ्यास इंग्रजीतील एकच ‘नेटिव्ह’ ह्या दोन्ही जागी पाहून बुचकळ्यात पडावे लागते. आमच्या विद्यार्थ्याने निराळीच वाट काढली आहे. ‘माय नेटिव्ह इज भोकरदन’ असे तो बिनदिक्कत बोलतो. विशेषणाचे त्याने नाम केले, माणसावरून उचलून गावावर ठेवले. इंग्रज व्याकरणकार ह्यास चूक म्हणेल. आम्हांस ती चूक सुधारण्याचा उत्साह पूर्वी होता तितका आता राहिला नाही. कारण सवाशे वर्षे ज्या शब्दास जमीन नव्हती त्यास ह्या पोराने भोकरदनची जमीन दिली आहे.

शब्द मात्र अजून दारावर उभाच आहे. चीनमधील अनेक शाळा इंग्रजीच्या शिक्षकासाठी जाहिरात देतात तीत ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा अशी अट असते, आणि ती अट बोलून पाहिली जात नाही, पारपत्र पाहून ठरते. ज्या शब्दाने एकदा आमच्या आजोबांस बाहेर ठेवले तो त्यांच्या नातवास ‘तू नेटिव्ह नव्हेस’ म्हणून बाहेर ठेवतो. २०११ च्या खानेसुमारीत इंग्रजी ही आपली मातृभाषा आहे असे सांगणारे लोक साऱ्या भारतात २,५९,६७८ भरले. त्यांपैकी कोणी चीनमध्ये त्या जागेसाठी अर्ज केला, तर त्याचे काय होत असेल ?