मदत कोणाच्या हाती?

आपत्तीत सापडलेल्या शेतकऱ्याला राजसत्तेने हात द्यावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १६६८ मध्ये ज्यांनी आपल्या डिचोलीतील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार करविला, त्या शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना आज्ञापत्र धाडले. कष्टाची ताकद आहे, पण बैल व दाणा नाही, अशा रयतेला रोख पैसा व धान्य द्यावे; वाढीदिढी न घेता मुद्दल तेवढे हळूहळू उगवावे, असा त्याचा आशय. तेथे पात्रतेची कसोटी कष्ट हीच होती.

ब्रिटिश मुलखात १८८४ च्या कायद्याने तगाई दिली जाई. पण ते सव्याज कर्ज होते. स्वातंत्र्यानंतर अनुदान रूढ झाले. २०२२ च्या केंद्रीय निकषांनी ३३ टक्के वा अधिक पीकहानीस हेक्टरी ८,५०० रुपये जिरायतीला, १७,००० बागायतीला व २२,५०० बहुवार्षिक पिकांना ठरविले. गोव्याने ‘शेतकरी आधार निधी’ उभारला.

परंतु कसोटी आता कागदाची झाली. १९६४ चा कूळ कायदा व १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला हक्क दिला. मात्र एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याला पूर ओसरल्यावर आधी आपण शेतकरी असल्याचेच सिद्ध करावे लागते. जुलै २०२१ च्या महापुराने डिचोली-पेडण्याची शेते बुडविताना उतारा पाहिला नव्हता. म्हणून लाटंबार्शासारख्या सीमेवरच्या गावातील तरुणांना माझे सांगणे एवढेच : आपत्ती येण्यापूर्वी आपल्या घरच्या नोंदी तपासा. मदतीचा इतिहास हा शेवटी नोंदीचाही इतिहास आहे.