पडद्याशेजारचा माणूस

मुरबाडला जायचं तर कल्याणला उतरून एसटी धरायची, शहापूरला जायचं तर कसारा लोकलने आसनगाव गाठायचं. दोन्ही वाटा कल्याणवरून जातात. आणि पडद्यावरच्या हलत्या चित्रांची आपल्याकडची एक जुनी गोष्टही याच कल्याणात घडली.

1892 च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी इथे ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दिसला तो त्यानंतर, 7 जुलै 1896 ला. काचेवर बारीक कुंचल्याने रंगवलेली पुराणातली पात्रं, मागे कंदिलाचा उजेड. काच सरकली की पडद्यावरचं पात्र हलायचं. चित्र मुकं होतं, म्हणून जोडीला निवेदन, संवाद, गाणी. खेळ रंगायचा तो या बोलणाऱ्या माणसामुळे.

चित्राला अक्षरओळख लागत नाही, हे पुढे सरकारांनीही ओळखलं. 1943 मध्ये डिस्नेने अमेरिकी सरकारसाठी हिवतापावर ‘द विंग्ड स्कर्ज’ हा लघुपट काढला, त्यात डास मारायला चक्क सात बुटके कामाला लावले. आपल्याकडे 1948 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन आली. 1956 मध्ये तिथे कार्टून विभाग निघाला आणि डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांनी त्यात तरुणांना शिकवलं. राम मोहन हे त्यांतलेच.

1953 पासून पंचवार्षिक योजनांच्या प्रचारासाठी केंद्राची फिरती पथकंही आली. गाडी, 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर, पांढरा पडदा. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांसाठीच ही यंत्रणा होती. पण पडद्यावरची मराठी पुस्तकी, आणि समोरच्या पाड्यावर कातकरी, ठाकरी बोलणारी माणसं. आरोग्यचित्रपटांची खरी अडचण इथेच होती, आणि ती आजही सुटलेली नाही.

राम मोहन यांचं काम म्हणूनच महत्त्वाचं. 1990 च्या दशकात युनिसेफसाठी त्यांनी ‘मीना’ घडवली. दक्षिण आशियातल्या कुठल्याही देशातल्या मुलीला ती आपलीच वाटावी, म्हणून तिचा चेहरा आणि कपडे फार विचाराने ठरवले गेले. पहिल्या गोष्टीत भाऊ राजू शाळेत जातो, मीना घरी राहते. मग तिचा पोपट मिठू वर्गाच्या खिडकीशी बसतो आणि ऐकलेले आकडे तिला येऊन शिकवतो. मीना कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर सापडतो. शिक्षणाच्या हक्कावरचं एवढं नेमकं भाषण कुणी केलेलं नाही. मीनासोबत चित्रपुस्तकं आणि चर्चेचं साहित्यही तयार झालं, कारण फिल्म संपल्यावर कुणीतरी बोलायला हवं.

आज पाड्यावरच्या मोबाइलमध्येही व्हिडिओ पोहोचतात. साप चावला तर भगताकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा, गरोदर बाईचं वजन आणि रक्त वेळेवर तपासा, ही माहिती जीव वाचवणारी आहे. ती कातकरी आणि ठाकरी बोलीत, इथल्याच पोरापोरींच्या आवाजात आली पाहिजे. कल्याण-ठाण्यात ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांनी सुट्टीतले आठ दिवस शहापूरच्या एखाद्या पाड्यावर काढावेत. तिथल्या आशाताईंना सोबत घ्यावं, आधी त्यांचं ऐकावं आणि मगच पहिलं चित्र काढावं.