शिष्यवृत्ती आणि सोबत : बडोद्यातील विद्यार्थी-मार्गदर्शनाचा एक अध्याय

विद्यार्थ्याला पदवी मिळवून देणे आणि त्याला आयुष्याच्या कामाला लावणे ही दोन निराळी कार्ये आहेत. पहिले कार्य महाविद्यालये आणि विद्यापीठे करीत आली. दुसरे कार्य पूर्वी घरातील वडीलधारी मंडळी, धंद्यातील नातलग आणि क्वचित एखादा कळवळ्याचा शिक्षक यांच्यावर सोपविलेले असे. ज्याच्या घरात शिक्षणाची परंपरा नाही, ज्याच्या नात्यागोत्यात कोणी वकील, इंजिनिअर वा प्राध्यापक नाही, त्याने सल्ला कोणाला विचारावा, या प्रश्नाला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. हे उत्तर शोधण्याचा प्रयत्न ज्या थोड्या ठिकाणी झाला, त्यांत बडोदे संस्थानाची गणना करावी लागते. त्या प्रयत्नाच्या यशाइतकेच त्याचे अपयशही अभ्यासण्याजोगे आहे.

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे स्वतःचे जीवनच मार्गदर्शनाने घडलेले होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी 1863 मध्ये जन्मलेला हा शेतकरी घरातील मुलगा 1875 मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला, तेव्हा त्याचे अक्षरशिक्षणही व्हायचे होते. शिक्षक इलियट आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या देखरेखीखाली पुढील सहा वर्षांत राज्यकारभाराला आवश्यक ते सारे त्यांना शिकविण्यात आले, आणि डिसेंबर 1881 मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. बुद्धी असलेल्या परंतु संधी न मिळालेल्या मुलाला योग्य माणसांच्या सहवासात ठेवले तर काय होऊ शकते, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. पुढे अमरेली भागात 1893 मध्ये आणि सर्व संस्थानात 1906 मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या या राजाने उच्च शिक्षणासाठी होतकरू तरुणांच्या पाठीशी उभे राहावे, हे त्याला धरूनच होते.

या धोरणाचे एक मोठे फलित म्हणजे 1890 मध्ये स्थापन झालेले कलाभवन. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे आणि बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. रंगविद्या, यंत्रविद्या, विणकाम, चित्रकला असे विषय देशी भाषेतून शिकवावेत आणि शिकलेल्या मुलाने नोकरीची वाट न पाहता उद्योगात उतरावे, अशी त्यांची दृष्टी होती. विद्यार्थ्याचा कल ओळखणे आणि आपल्याजवळचे ज्ञान अपुरे पडेल तेथे त्याला दुसऱ्या जाणकाराच्या हवाली करणे, हे गज्जरांचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. धुंडिराज गोविंद फाळके हे कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकत असता गज्जरांनी त्यांना रतलामला धाडले. तेथे त्यांनी तिरंगी ठसे तयार करण्याची आणि छपाईची नवी तंत्रे आत्मसात केली. मुद्रणाचा हा अनुभव, कॅमेऱ्याची ओळख आणि चित्रकाराची नजर यांची पुंजी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या कामी आली. गज्जरांचेच दुसरे एक शिष्य कोटीभास्कर. गुरू आणि शिष्य दोघेही भा. दा. अमीन यांच्यासमवेत 1907 मध्ये अलेंबिक केमिकल वर्क्सच्या स्थापनेत सहभागी झाले. येथे मार्गदर्शन शाळेच्या उंबरठ्यापाशी थांबले नाही. गुरू शिष्याबरोबर कारखान्याच्या दारापर्यंत आला.

याच संस्थानाशी निगडित असलेली दुसरी कथा मात्र मुंबईत, चर्नी रोडच्या बागेत सुरू होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि चरित्रकार त्या बागेत वाचनासाठी जात असत. तेथे नित्य पुस्तक घेऊन बसणारा एक शाळकरी मुलगा त्यांच्या नजरेस पडला. चौकशी केल्यावर तो मुलगा महार जातीचा असून त्याचे नाव भीमराव असल्याचे कळले. केळुसकर त्याला वाचावयास पुस्तके देऊ लागले. भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा सत्कारसभेत त्यांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. कॉलेजचे शिक्षण पैशाअभावी थांबण्याची वेळ आली, तेव्हा सयाजीरावांशी त्याची गाठ घालून देणारेही केळुसकरच होते. महाराजांनी भीमरावाला दरमहा 25 रुपये शिष्यवृत्ती मंजूर केली. द्रव्य संस्थानाचे होते. परंतु त्या द्रव्यापर्यंत जाणारी वाट एका शिक्षकाने दाखविली होती.

पदवी मिळाल्यावर 4 जून 1913 रोजी भीमराव आंबेडकर यांनी बडोदे संस्थानाशी करारपत्र केले. संस्थानाने तीन वर्षे परदेशातील शिक्षणाचा खर्च सोसावा, विद्यार्थ्याने ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा तो करार होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर शिक्षण आणि त्यानंतरचे काम यांची सांगड घालणारी ही संपूर्ण योजना होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांना प्राध्यापक सेलिग्मन यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ मार्गदर्शक लाभला. 1915 मध्ये ते एम्. ए. झाले, 1916 मध्ये लंडनला गेले. तेथे जाताना सिडनी वेब यांच्या नावे सेलिग्मन यांचे परिचयपत्र त्यांच्याजवळ होते. मुदत संपल्याने 1917 च्या ऑगस्टमध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, आणि कराराला जागून सप्टेंबरात ते बडोद्यास रुजू झाले.

पुढे जे घडले ते या शहराच्या इतिहासातील दुःखद पान आहे. महाराजांचा विचार त्यांना कालांतराने अर्थमंत्री करण्याचा होता. अनुभवासाठी प्रथम लष्करी सचिवाचे पद देण्यात आले. परंतु शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रांतिगृहात राहिले. कचेरीत शिपाई विटाळाच्या भीतीने कागद दुरूनच टाकीत. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दारात उभा ठाकला आणि त्याच दिवशी जागा सोडण्यास त्यांना फर्माविण्यात आले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधला पाच तासांचा अवधी त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढला. दोन परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या, संस्थानाच्याच खर्चाने घडलेल्या पदवीधराला त्याच संस्थानाच्या राजधानीत एक खोली मिळू शकली नाही.

या प्रसंगाची चर्चा होते ती बहुधा अस्पृश्यतेच्या अमानुषतेच्या संदर्भात, आणि ते योग्यच आहे. तथापि विद्यार्थी-मार्गदर्शनाच्या दृष्टीनेही त्यात एक अर्थ आहे. महाराजांचा हेतू निर्मळ होता. निवड अचूक होती. करारात शिक्षणाचे विषय, मुदत आणि नोकरीची वर्षे या सर्वांची तरतूद होती. तरतूद नव्हती ती परतलेल्या तरुणाच्या पहिल्या महिन्याची. तो कोठे उतरेल, कचेरीत त्याच्या शेजारी कोण बसेल, त्याची तक्रार ऐकून घेऊन त्याच दिवशी निर्णय देणारा अधिकारी कोण, याचा विचार कोणाच्या कामाचा भाग नव्हता. मुंबईत केळुसकर होते, न्यूयॉर्कमध्ये सेलिग्मन होते. बडोद्यात राजाची आज्ञा होती, पण सोबत कोणी नव्हते. आज्ञा खालच्या पायरीपर्यंत पोहोचेतो विद्यार्थी गाव सोडून गेला होता.

आंबेडकरांनी या घटनेची कटुता महाराजांच्या उपकाराच्या आड येऊ दिली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध 1925 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची होती आणि तो अर्पण केलेला होता शिक्षणास साहाय्य करणाऱ्या सयाजीरावांना. मात्र स्वतः संस्था उभारताना त्यांनी विद्यार्थ्याच्या राहण्याजेवणाचा प्रश्न आधी हाती घेतला. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना 1924 ची. तिने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत. कमाटीबागेतील त्या संध्याकाळचा विसर त्यांना पडला नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

बडोद्यात 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या आणि कलाभवन विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. देशातील अनेक विद्यापीठांत पुढे सेवायोजन आणि मार्गदर्शनाची केंद्रे निघाली. नोकऱ्यांची माहिती, अर्जाचे नमुने, मुलाखतीची तयारी अशी उपयुक्त कामे ती करीत आली. परंतु वरील दोन्ही कथा पाहता असे दिसते की, माहिती पुरविणे हा मार्गदर्शनाचा सोपा भाग आहे. अवघड भाग दोन ठिकाणी असतो : मुलाला प्रथम हेरण्यात आणि कामावर रुजू झाल्यावर त्याला एकटे न सोडण्यात.

यांपैकी पहिल्या कामात ग्रंथालयांचा वाटा फार जुना आहे. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना आणवून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले, त्यामागे शाळेबाहेरच्या वाचकाला हात देण्याचाच हेतू होता. केळुसकरांनी बागेत जे केले, ते वाचनालयाच्या टेबलाशी रोज घडू शकते. नित्य येणारा, कोपऱ्यात बसून एकाच विषयाची पुस्तके मागणारा मुलगा कोण आहे, हे ग्रंथपालाला आणि ज्येष्ठ सभासदांना इतर कोणाआधी कळते. त्याच्याशी दोन शब्द बोलणे, त्या विषयातील कोणा जाणत्याचे नाव सांगणे, आणि वर्षभराने तो कोठे पोहोचला याची चौकशी करणे, यास फारसे द्रव्य लागत नाही. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या हिशेबात पुस्तकांच्या आणि सभासदांच्या संख्येबरोबर अशा विद्यार्थ्यांचीही नोंद असावयास हवी.