स्वसंरक्षणाचा हक्क केव्हा संपतो? झाशीचे उदाहरण
जून १८५७ मध्ये झाशी छावणीतील शिपायांनी उठाव केला. किल्ल्यात आश्रय घेतलेले युरोपीय ८ जूनला शरण आले. तरी त्यांना बायकामुलांसह जोखन बागेत ठार मारण्यात आले. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर घेताना निःशस्त्र रहिवाशांची कत्तल केली. ती विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये नोंदवली आहे. दोन्ही वेळी मरणाऱ्यांपासून धोका नव्हता; म्हणून याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही.

पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेने ही सीमा कलमांत मांडली: बळ गरजेपुरतेच (कलम ९९), जीव घेण्याची मुभा मृत्यू किंवा जबर दुखापतीसारख्या गंभीर भीतीपोटीच (कलम १००), आणि शरीराला असलेल्या धोक्याची भीती संपताच हक्कही संपतो (कलम १०२). आजच्या भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे कलम ३७, ३८ व ४० मध्ये आहेत. प्रकरण अभ्यासताना आधी विचारा: वार झाला त्या क्षणी धोका उरला होता का?